लांबून काढलेली दृष्ट

हर्षदा घाटगेंनी मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेतल्या. यशोधनची मॅच असली की सकाळी दृष्ट काढायची, हा ओहायोतल्या त्या घराचा नियम. मिरच्या जाळायच्या मात्र परसातल्या शेगडीत. घरात एकदा जाळल्या होत्या, तर धुराच्या भोंग्यानं अख्खी गल्ली दारात आणली होती. दृष्ट लागली असेल तर मिरच्यांचा ठसका येत नाही, आणि यंदा तो एकदाही आला नव्हता. लोकांची नजर वाईट, दुसरं काय!

लेक थालीपीठ खात होता. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याच्या तोडीचा बचावपटू देशात नव्हता. काम कबड्डीतल्या कोपऱ्याच्या गड्याचंच, चेंडू घेऊन धावणाऱ्याला आडवा करायचं. पण यशोधनच्या मानेत, कातडीखाली, ‘पूर्ववेधी’ नावाची चकती होती. ती नको म्हणणारे बाकावर बसत. डोळ्यांना दिसल्यावर मेंदू क्षणभर विचार करतो, मग हातपाय हलतात. चकती तो विचारच गाळून टाकायची. समोरच्याचा खांदा हलायचा अवकाश, यशोधन त्याच्या अंगावर. हर्षदाबाईंनी महाराष्ट्र मंडळात पेढे वाटले होते.

हर्षदाबाई त्याच्या बाजूनं आल्या आणि डोक्यावरून फिरवायला मूठ उचलली.

पुढच्या क्षणी त्या फरशीवर होत्या. छातीवर लेकाचा गुडघा, आणि मनगट त्याच्या पकडीत. मोहरी सगळीकडे सांडली होती. त्याचे डोळे त्यांच्याकडेच होते, पण त्यांत ओळख नव्हती. ती मागाहून आली.

“आई? अगं, तू आहेस?”

मनगट मोडलं होतं. संघाच्या डॉक्टरांनी यशोधनची मान तपासली.

“चकती आज काढली तर सुटशील,” ते म्हणाले. “विचार न करता झेपावायची ही वाट शरीराला पक्की पाठ झाली, की मग काढूनही उपयोग नाही.”

“आज फायनल आहे, डॉक्टर. एका मॅचनं होईल पाठ?”

“सांगता येत नाही.”

“आई, एकच मॅच. उद्या काढतो. मोठे संघ बघायला येणारेत गं.”

हर्षदाबाईंनी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना लेकाची भीती वाटत होती, आणि पोटच्या पोराची भीती वाटते याची लाज त्याहून जास्त वाटत होती.

त्या संध्याकाळी यशोधन असा खेळला, की लोक उभे राहून ओरडत होते. दुसऱ्या दिवशी शब्दाला जागून त्यानं चकती काढून घेतली.

दवाखान्यातून तो परतला तेव्हा आई परसात शेगडी पेटवून उभी होती. प्लास्टरमधल्या हाताची मूठ कशीबशी वळली होती.

“ये रे लेका.”

तो दोन पावलं आला आणि थबकला. हात त्यानं पाठीमागे घट्ट बांधून घेतले, तरी खांदे झेप घ्यायला पुढे ओढत होते.

“आई, तिथूनच काढ.”

त्यांनी तिथूनच, हवेत मूठ फिरवली. “आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची,” म्हणत मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या.

यंदा पहिल्यांदाच खच्चून ठसका आला. दोघंही डोळे पुसेपर्यंत खोकले.

म्हणजे आता दृष्ट नव्हती. मग लेकाला अजून लागलेलं होतं ते काय, आणि आता ते उतरवायचं कशानं?