आकडे सांगणारं स्टेशन

संघदीपचं गोंदियात बॅटरीचं दुकान होतं. २००६ साली भारनियमनामुळे त्याला इन्व्हर्टरच्या कामातून उसंत नव्हती. तरी सालेकसाहून भैयालालकाकांचा फोन आला, की तो मल्टिमीटर पिशवीत टाकून पॅसेंजर पकडायचा.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. घरी परवाना काढून घेतलेला हौशी रेडिओ होता; त्यावर ते दूरदूरच्या माणसांशी बोलायचे. पण संघदीप जायचा तो त्यांची विजेची मांडणी पाहायला. पडवीतल्या लाकडी पेटीत ट्रॅक्टरच्या तीन बॅटऱ्या, शेजारी काकांनी स्वतः बांधलेला चार्जर, तिथून खोलीत गेलेल्या जाड तारा. प्रत्येक तारेला वेगळा फ्यूज, प्रत्येक टोकाला व्हॅसलीनचा हात. आठ-आठ तास लाइन नसली तरी टेबलावरच्या व्होल्टमीटरचा काटा जागचा फारसा हलत नसे. असं नेटकं काम त्यानं कुठल्या इंजिनिअरकडेही पाहिलं नव्हतं.

एका दुपारी साडेतीनला रेडिओच्या खरखरीतून बाईचा आवाज आला. सुकलेला, सावकाश.

"बारा पॉइंट चार."

टेबलावरचा काटा बरोबर तिथंच होता.

"कोण आहे हे, काका?"

"मालूम नाही. नाव सांगत नाही. महिना झाला, रोज माह्या बॅटरीचा आकडा सांगून राहिली."

संघदीपला ते पटलं नाही. बॅटरीचे व्होल्ट काही हवेत जात नाहीत. दुसऱ्या खेपेला त्यानं काकांना न सांगता पडवीत बॅटरीवर मोटारीचा बल्ब लावून ठेवला. व्होल्ट उतरले. आकडा तळहातावर लिहून तो आत आला आणि टेबलावरच्या मीटरवर रुमाल टाकला.

"बारा पॉइंट एक," बाई म्हणाली.

त्यानं मूठ उघडली. काकांनी वाचलं आणि चहा पुढं सरकवला. "मीही चार वेळा असंच करून पाहिलं," ते म्हणाले.

पावसाळा सरता सरता तो पुन्हा गेला. लाइन नुकतीच आली होती. पडवीत आंबूस, घशाला लागणारा वास होता. एका बॅटरीची क्लिप सैल दिसत होती. ती काढून घासावी म्हणून त्यानं पेटीचं झाकण उचललं आणि पाना लावला. खिडकीतून रेडिओवरच्या बाईचा आवाज ऐकू आला.

"सोळा पॉइंट दोन."

"काका, तुमचा मीटर किती दाखवतो?"

"तेरा पॉइंट सहा."

मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका दारात उभे होते.

"हात मागं घे. पाना ठेव. ठिणगी पडू देऊ नको."

"काऊन? मीटर तर ठीक आहे ना."

"काटा अटकला असंल. ती नाही अटकत."

काकांनी आधी भिंतीवरचं मेन स्विच पाडलं. आवाज न चढवता त्याला अंगणात नेलं आणि पेटी अर्धा तास उघडी ठेवली. मग संघदीपनं चार्जर तपासला. व्होल्ट आवरणारा भाग जळाला होता, म्हणून ते सोळाच्या वर चढले होते. टेबलावरच्या मीटरचा काटा टिचकी मारली तेव्हा हलला. मधली बॅटरी पोटाशी फुगली होती. पेटीत वायू कोंडला होता; क्लिप निघताना एक ठिणगी पुरली असती आणि सारं त्याच्या तोंडावर आलं असतं.

तीस वर्षं सिग्नल सांभाळलेल्या काकांनी स्वतःच्या मीटरपेक्षा त्या आवाजावर भरवसा ठेवला होता, आणि तोही क्षणात. संघदीपला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यानं नवी बॅटरी आणून बसवली, चार्जर दुरुस्त केला. साडेतीनला दोघं टेबलाशी बसले.

"बारा पॉइंट सहा."

काकांनी मान डोलावली. रोज ती एवढंच बोलायची आणि जायची.

खरखर थांबली नाही.

"अठ्ठावन्न."

घरात अठ्ठावन्न दाखवणारं काहीच नव्हतं.

काकांनी डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. एक मिनिट गेलं.

"बराबर आहे," ते म्हणाले. बॅटरीबद्दल बोलावं तसं.

"एकशे चार," बाई म्हणाली.

संघदीपच्या कानशिलात ठोके पडत होते. त्यानं ते मोजले नाहीत.