मल्हारचा नवा चेहरा

"खांद्यात दीड इंच सोडा, काका. आणि बाह्या जरा लांब..."

योगिनीनं चमकून मागे पाहिलं. स्वतःच्या पँटची चेन बसवून होईपर्यंत शिंपी धोंडूकाकांची लुंगी गुंडाळून स्टुलावर बसलेला एक उंच मुलगा तिच्या पिशवीतल्या सहा सदऱ्यांबद्दल खुशाल मत देत होता!

"तुम्हाला विचारलं का कोणी?"

"नाही. पण ते मलाच घालायचेत... तुम्ही 'नांदतं घर'च्या ना? मी स्वरूप. नवा मल्हार."

योगिनीनं जीभ चावली. पाचच मिनिटांपूर्वी तिनं धोंडूकाकांना ठणकावून सांगितलं होतं की, नवा कोणीही येवो, निलेशची सर त्याला यायची नाही. म्हणजे ह्यानं ते सगळं ऐकलं होतं.

"उबा ऱ्हा बगू, माप घेतो," धोंडूकाका टेप सरसावत म्हणाले. "लुंगी तेवढी घट धर म्हंजे झाला."

स्वरूप एका हातानं लुंगी धरून उभा राहिला. योगिनीनं हसू दाबायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही.

'नांदतं घर' ही मालिका सात वर्षं चालली होती, आणि तिचं चित्रीकरण रत्नागिरीबाहेर भाड्याच्या एका घरात व्हायचं. योगिनी तिथे कंटिन्युइटी सांभाळायची. म्हणजे काल सुनेची टिकली कुठली होती, चहाचा कप किती भरलेला होता, याचे फोटो काढायचे आणि वहीत नोंद करायची. सात वर्षांत त्या घरातून किती माणसं गेली, तेही तिच्याच वहीत होतं. आत्या दुबईला गेल्या त्या गेल्याच. थोरले काका कोमातून थेट हार घातलेल्या फोटोत पोचले. धाकटी नणंद तर अभ्यासाला म्हणून माडीवर गेली ती अजून खाली उतरलेली नाही, आणि घरात कुणी तिला जेवायलाही हाक मारत नाही!

मल्हारला मात्र असं घालवता येईना. अर्धी गोष्ट त्याच्यावर उभी होती. सहा वर्षं मल्हार साकारणारा निलेश सिनेमा मिळाला म्हणून एका सकाळी निघून गेला, कुणाचा निरोपसुद्धा न घेता. मग चॅनेलनं ठरवलं, नाव तेच, सदरे तेच, फक्त चेहरा बदलायचा.

पहिल्या दिवशी मल्हारची आई होणाऱ्या नम्रताताईंनी स्वरूपवरून दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. आणि पहिल्याच शॉटला त्या म्हणाल्या, "निलेश, जेवायला चल रे."

चूक त्यांच्याच लक्षात आली. ताईंचे डोळे भरून आले.

"आलो गं, आई," स्वरूप म्हणाला आणि पानावर जाऊन बसला. नंतरही अर्ध्या युनिटच्या तोंडी निलेशच येत राहिलं. योगिनीच्याही वहीत 'निलेश – निळा सदरा' असं उमटलेलं त्यानं पाहिलं. काही बोलला मात्र नाही. योगिनीला तेच जास्त लागलं.

त्यात निलेश डावरा, म्हणून मल्हारही डावरा. योगिनी दर शॉटला ओरडायची, "डावा!"

"अगं, माझं नाव स्वरूप आहे," तो म्हणायचा, आणि निमूटपणे पेन डाव्या हातात घ्यायचा. दुपारच्या सुट्टीत आंब्याखाली बसून डाव्या हातानं अक्षर गिरवायचा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, हे दोघांनाही कळलं नाही.

जानेवारीतली गोष्ट. कलमं मोहरली होती, वारा आला की तो वास सेटवर भरून राहायचा. चहाचा कप घेऊन तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"तुझ्या फोनमध्ये माझे फोटो किती आहेत?"

"चारशे बारा."

"बापरे! इतके कुठल्याच मुलीनं काढले नव्हते."

"सदऱ्याचे आहेत ते. तू मधे मधे येतोस."

तो खळखळून हसला. मग हळूच म्हणाला, "एक विचारू? निलेश तुला... आवडायचा?"

ती कपाकडे बघत राहिली. "थोडासा."

"त्याला ठाऊक होतं?"

"त्याला माझं नाव ठाऊक होतं. तेवढंच."

"आणि मी...?"

"कॉलर नीट कर. मागच्या शॉटला आत होती."

त्यानं केली नाही. शेवटी तिनंच हात पुढे करून कॉलर आत सारली. हात परत घ्यायला तिला अंमळ उशीरच झाला.

दोनच दिवसांनी निर्मितीतल्या विनीतनं तिला बाजूला घेतलं. प्रेक्षकांना नवा मल्हार रुचत नव्हता. म्हणून चॅनेलनं गोष्टच वळवली. आता मल्हार बोटीवर नोकरीला जाणार, परत न येण्यासाठी. शेवटचा शॉट जयगडच्या जेटीवर.

स्वरूपला ते आधीच कळलं होतं. मुंबईत दुसऱ्या एका मालिकेत काम मिळालं होतं त्याला. तिथलाही कोणीतरी सोडून गेलेला. "आधीचा अंगानं भरलेला होता म्हणे," तो हसून म्हणाला, "या वेळी सदऱ्यांची शिवण आत घ्यावी लागेल." हसला खरा, पण नजर तिच्याकडे नव्हती.

योगिनीचं घर जयगडलाच. त्या संध्याकाळी ओटीवर बसून ती स्वतःशीच भांडत होती. हा खरंच आवडतो, की रिकामी जागा भरली म्हणून बरं वाटतंय? सेटवर तिनं हेच पाहिलं होतं. माणूस जातो, जागा राहते, आणि जागेला चेहरा मिळाला की आठवडाभरात सगळे निवांत. आपणही तसेच तर नाही?

तिनं फोनमधले फोटो उघडले. कानामागचा तीळ. नम्रताताईंना द्यायच्या आधी पेला पुसणारे हात. शॉट चुकला की वर जाणारी एक भुवई. यातलं काहीच मल्हारचं नव्हतं, मालिकेच्या तर कामाचंच नव्हतं. तरी तिनं काढून ठेवलं होतं. योगिनीला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

शेवटचा शॉट. मल्हार बोटीत चढला, नम्रताताईंनी डोळ्यांना पदर लावला. स्वरूपनं वळून निरोपाचा हात हलवला. उजवा.

"कट! कंटिन्युइटी?" दिग्दर्शकानं विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. सात वर्षांत तिनं एक चूक सोडली नव्हती.

"ओके आहे," योगिनी म्हणाली.

बोट धक्क्याला परत लागली. तो उतरून थेट तिच्यापाशी आला. "उजवा होता..."

"दिसला मला."

"मग?"

"मल्हारचा हात खूप वर्षं बघितला. जाताना तुझा बघायचा होता."

खाडीवरून वारा येत होता, लोक सामान आवरत होते. योगिनीला वाटलं, आता नाही बोलले तर हाही असाच जाईल.

"स्वरूप, तू जा. काम आहे, ते कर. पण एक सांगते... आमच्याकडे कोणी गेलं की त्याला विसरतात, नाहीतर दुसरा आणतात. मला ते जमायचं नाही. तुझ्या जागी मला दुसरा कोणी नको."

त्यानं वर चढणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुझं घर कुठलं?"

"ते काय, वरच्या वळणावर. का?"

"बाबा आहेत घरी?"

"आत्ता येतील पोर्टवरून. अरे, पण..."

"माझी गाडी उद्या सकाळची आहे. बोलायचं ते आजच बोलतो." आणि तो खरंच चढाला लागला.

"अरे थांब! तो मेकअप तरी धू आधी! आई तुला मल्हार समजेल!"

"समजू दे की."

"तिला मल्हारचा भारी राग आहे. बायकोशी धड बोलत नाही म्हणून!"

तो जागीच थबकला. असं घाबरलेलं तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"मग गं आता?"

"आता काय," योगिनीनं वही पिशवीत टाकली आणि त्याचा हात धरला. "चल, मी येते बरोबर."