सहावा धागा

वेलखाडीच्या अग्निशमन केंद्रात, आगीवरून परत आलेले पाण्याचे लांब होज धुऊन मनोऱ्यावर वाळत घालायचं काम चाललं होतं. केंद्रप्रमुख यमुना वाळंज बाह्या सरसावून स्वतः घासायला बसली होती. सगळे होज आपलेच, परका एकही नाही, हेच तिला खुपत होतं.

पूर्वी मदतीला शेजारच्या घाटपायथ्याची गाडी यायची. काम झालं की तिथले प्रमुख भिवाजी शिंगरे आपला एक होज इथं ‘विसरून’ जायचे आणि यमुनाचा एक उचलून न्यायचे. परत करायच्या निमित्तानं पुन्हा येणं व्हायचं, चहा व्हायचा. कुठली विहीर आटली, कुठला पूल खचला, हे कळायचं. तपासणीच्या वेळी मात्र होजांचा हिशेब जुळायचा नाही आणि दोघंही बोलणी खायची.

मग ‘सांगड’ आली. वारा, गवताचा कोरडेपणा, गोदामांतला माल यांवर नजर ठेवणारी ही संगणकप्रणाली दर हंगामात केंद्रांच्या जोड्या नव्यानं बांधायची. अशा जोडीला ती ‘धागा’ म्हणायची. एका केंद्राला पाचच धागे, कारण प्रत्येक धागा म्हणजे एकत्र सराव, आणि सरावाला माणसं लागतात. खाडीकाठी बॅटऱ्यांची गोदामं झाली, तशी यमुनाची गाठ लांबच्या रसायन कारखान्याच्या पथकाशी पडली. डोंगर वरचेवर पेटू लागले, म्हणून शिंगऱ्यांच्या जोडीला वनखात्याचे जवान आले.

आज असंच एक गोदाम पेटलं होतं. विषारी धूर कुठे वळणार हे कारखान्याच्या पथकानं आधीच ओळखलं आणि वस्ती रिकामी केली. कुणाला खरचटलंही नाही. शिंगरेदादा असते तर नुसतं पाणी मारत बसले असते, हे यमुना मनोमन कबूल करत होती. पण आग विझताच पाहुण्यांनी सामान गुंडाळलं, नमस्कार केला आणि निघाले. चहाही नको म्हणाले.

“ताई,” भिंतीवरच्या पडद्यातून सांगडचा आवाज आला, “घाटपायथ्याचा धागा आज सुटतोय, त्याची जागा दुसऱ्या केंद्राला जाईल. दोन हंगामांत एकही कामगिरी एकत्र झालेली नाही. हरकत आहे?”

यमुनानं सरळ शिंगऱ्यांना फोन लावला.

“दादा, तुम्हाला विचारलं का हिनं?”

“सकाळीच. सोड म्हटलं, बाई. पोरं रोज डोंगरावर आहेत. तुमच्याकडं सरावाला धाडली तर वणवा अडवायला जाळरेषा कोण काढणार?”

“बरोबर आहे तुमचं.”

“बरोबर आहे म्हणून तर जिवाला लागलंय,” शिंगरे म्हणाले. “या एकदा चहाला.”

“येते की.”

आगींचा हंगाम संपल्याशिवाय सवड नव्हती, आणि आताशा हंगाम संपतच नसे. दोघांनाही ते ठाऊक होतं. फोन ठेवला आणि यमुनाला त्यांची फार आठवण आली. आवाज तर आत्ताच ऐकला होता.

“मला सहावा धागा हवा,” ती पडद्याकडे वळून म्हणाली.

“कोणत्या धोक्यासाठी?”

यमुना मनात एकेक धोका मोजू लागली. पूर म्हणावं तर त्याला धागा होता. वणव्यालाही होता, दरड कोसळण्यालाही होता.

“माणसं एकमेकांना अनोळखी होण्याच्या,” ती शेवटी म्हणाली.

सांगडनं धोक्यांची यादी पडद्यावर वरपासून खालपर्यंत सरकवली.

“हा धोका माझ्याकडे नोंदलेला नाही,” ती म्हणाली. “तो वाढतोय हे कशावरून ओळखायचं, ताई?”