सातवी ‘ब’चा शुक्रवारचा तास

शाळेच्या पायऱ्या चढताना दानेश्वरी एका तरुणावर आदळता आदळता राहिली. तिच्या हातातल्या दोन वह्या घसरल्या. त्यानं त्या वरच्यावर झेलल्या. डिसेंबरातली थंड सकाळ होती आणि त्याच्या स्वेटरला ताज्या गुळाचा वास येत होता.

“हेडबाईंचं ऑफिस कुठं हाय?”

“वर, डावीकडं. काय काम होतं?”

“तक्रार करायचीय. दानेश्वरी मॅडम म्हणून कुणी हायत. ओळखता?”

मीच ती, असं सांगायला ती गेली. पण तोंडातून भलतंच निघालं – “थोडंफार.”

“कडक हायत का?”

“तक्रार खरी असेल तर नाहीत.”

तो हसला. वह्या परत देताना क्षणभर तिच्याकडं बघत राहिला... “खरीच हाय. फक्त ती करायची मला हौस न्हाय.”

पहिला तास सुरू व्हायच्या आधीच तिला ऑफिसात बोलावणं आलं. तो तिथंच बसला होता. तिला बघताच त्याचे कान लाल झाले. शेजारी त्याची आई, गंगव्वा; तो तिला अव्वा म्हणे. शाहूपुरीतली गुळाची पेढी नवऱ्यामागं एकटीनं चालवलेली बाई, आवाजही तसाच.

“सुष्मिता माझी नात, तुमच्या सातवी ‘ब’त हाय. आणि हा तिचा काका, महांतेश. रविवारी ह्याच्यासाठी बेळगावचे पाहुणे घर बघायला आलते. मी सांगितलं, पोरगा इंजिनिअर हाय. तर ही पोरगी सगळ्यांच्या पुढ्यात म्हणाली, काकाचे दोन विषय राहिलेत, तो पास झालेलाच न्हाय. पाहुणे चहा टाकून उठले. का बोललीस विचारलं, तर म्हणती, मॅडमनी विचारलंय – आपल्या भल्यासाठी खोटं बोललं, तर ज्याला फसवलं त्याचं काय?”

दानेश्वरीनं मान खाली घातली. प्रश्न तिचाच होता. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ती पुस्तक मिटायला लावायची आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहायची. स्वतः बी.एड.ला असताना तिनं शिक्षणाची ध्येयं पाठ केली होती, मार्कही मिळवले होते. पण तू कशासाठी शिकवणार, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती बोच या तासामागं होती.

“शुक्रवारी मी वर्गात येऊन बसणार,” गंगव्वा म्हणाली. “चुकलं म्हणून सांगा पोरांना. मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नसतं म्हणून सांगा.”

ती दोघं गेल्यावर मुख्याध्यापिका संयोगिता मॅडम हळूच म्हणाल्या, “शिक्षण सेवक म्हणून तुमचं शेवटचं वर्ष. कायम करायच्या कागदावर सही माझी लागते. मला अडचणीत आणू नका.”

संध्याकाळी महांतेश फाटकाशी उभा होता.

“सकाळी ओळख दिली न्हाईत.”

“तुम्ही विचारली नाहीत.”

“मला राग न्हाय, मॅडम. उलट सुटलो. त्या मुलीला फसवून घरात आणलं असतं...”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

त्यानं फाटकाची कडी उगाच वर-खाली केली. मग तो म्हणाला, “आता मी एक विचारू? अव्वानं त्या दिवसापासून सुष्मिताशी बोलणं टाकलंय. पोरगीपण मुकी झालीय. तुम्ही प्रश्न फळ्यावर लिहिलात, तो ती घरी घेऊन आली. तिथं तिच्या बाजूला कोण होतं?”

दानेश्वरीला ते लागलं. कारण ते खरं होतं.

पुढचे दिवस तो रोज सुष्मिताला सोडायला येऊ लागला. पोरगी खाली मान घालून आत जायची आणि फाटकाशी ही दोघं.

“शुक्रवारी काय सांगणार?”

“अजून ठरत नाही. आणि तुम्ही?”

“मी विचार करतोय. तुम्ही विचारलं त्याचा... आणि थोडा तुमचाही.”

ती घंटा ऐकल्यासारखं करून वळली. पण जिना चढून नादातच स्टाफरूमचं दार मागं टाकून ती सरळ पुढं गेली, तेव्हा तिचं तिलाच हसू आलं.

शुक्रवारी मागच्या बाकावर गंगव्वा बसली. भिंतीला टेकून महांतेश. दारात संयोगिता मॅडम. दानेश्वरीनं फळ्यावर काहीच न लिहिता खडू खाली ठेवला.

“मागच्या आठवड्यात मी तुम्हाला एक प्रश्न विचारला,” ती म्हणाली. “प्रश्न चुकीचा नव्हता. पण मला वाटलं, विचारला की माझं काम संपलं. खरं कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, सांगून एकटं पडलो तर काय करायचं... याचा मी स्वतः विचार केला नव्हता. तो आधी बाईंनी करायचा असतो. चूक माझी आहे. सुष्मिताची नाही.”

“म्हणजे माफी मागत न्हाईस,” गंगव्वा म्हणाली. रागात ती एकेरीवर आली होती.

“सुष्मिताची मागते, आज्जी. तुमची... नाही मागता येत मला.”

संयोगिता मॅडमचा चेहरा दगडासारखा झाला.

“अव्वा,” महांतेश भिंतीपासून पुढं आला. “पोरीनं खोटं काय सांगितलं?”

“गप बस तू.”

“त्या दिवशी तेच केलं की. चहाचा कप धरून गप बसलो. मी बोलायचं ते सातवीतल्या पोरीला बोलावं लागलं.” तो सुष्मिताच्या बाकापाशी गेला, खाली बसला. “सुषी... चुकलो मी.”

पोरीनं मान वर केली. “म्हणजे... तू रागावला नाहीस?”

इतक्या दिवसांत तिनं उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. मग तिला रडू फुटलं. गंगव्वा उठली आणि सरळ वर्गाबाहेर गेली.

शुक्रवारचा तास बंद झाला. सहीचं विचारलं की संयोगिता मॅडम “बघू” एवढंच म्हणत. महांतेशनं राहिलेल्या विषयांची पुस्तकं पुन्हा उघडली. काही अडलं तर, आणि नाही अडलं तरी, तो संध्याकाळी रंकाळा तलावावर येऊ लागला. दानेश्वरीही यायची.

मार्चमधल्या एका संध्याकाळी तो उशिरा आला. कठड्यावर तिच्याशेजारी बसला, पण पुस्तक पिशवीतच राहिलं.

“काय झालं?”

“अव्वाला सांगितलं. तुमच्याविषयी.”

ती त्याच्याकडं वळली. “मग?”

“मला ताटच वाढलं न्हाय.” तो पाण्याकडं बघत राहिला. “मग सुष्मिता तिचं ताट उचलून माझ्याशेजारी येऊन बसली. अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. अव्वा बघत होती. लई वेळ बघितलं... आणि म्हणाली, त्या बाईला एकदा घरी बोलव. मलापण तिला दोन गोष्टी विचारायच्या हायत.”

दानेश्वरीला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

“अर्ध्या भाकरीनं पोट भरलं तुझं?”

तो एकदम वळला. “आत्ता... काय म्हणालीस?”

“मिसळ खाऊ या म्हणाले,” ती कठड्यावरून उतरत म्हणाली. “चल की.”