दोन मिलिमीटरचा संशय

कॉलेजच्या वर्कशॉपच्या दारात दोघांची टक्कर झाली आणि तिच्या हातातल्या ट्रेमधले शंभरेक स्क्रू पायऱ्यांवरून टणटणत खाली गेले. तो गुडघ्यांवर बसला आणि वेचू लागला. वेचता वेचता नुसत्या बोटांनी चाचपून लहान एका खणात, मोठे दुसऱ्यात. तिने त्याच्या वाकलेल्या मानेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्याने वर बघितलं.

"एवढे स्क्रू ढिले असलेली टीम पहिल्यांदाच बघतोय."

ती हसणारच होती, पण तेवढ्यात वर्कशॉपचे मास्तर मागून म्हणाले की हा समोरच्या इमारतीतल्या टीममधून आलाय, आजपासून आपल्याकडे. तिचं अर्धं आलेलं हसू ओठांवरूनच माघारी गेलं.

समोरच्या टीमने लागोपाठ दोन वर्षं रोबोटच्या स्पर्धेत यांना धूळ चारली होती. यंदाची स्पर्धा नऊ दिवसांवर आलेली, आणि नेमका आत्ताच त्यांचा एक मुलगा सगळं सोडून इकडे येतो? तिच्या मनात पाल चुकचुकली.

वर्कशॉपमध्ये एकच सीएनसी मिलिंग मशीन होतं. कपाटाएवढं, पुढे काचेचं दार. संगणकावरून प्रोग्रॅम दिला की ते आपलं आपण कटर फिरवून अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून हवा तो भाग कोरून काढायचं. दोन वर्षं ते तीच चालवत होती, म्हणून सगळे तिला 'मशीनवाली' म्हणत. त्या दिवशी तिने सगळ्यांना, पण एकट्या त्याच्याकडे बघत, बजावलं की माझ्याशिवाय मशीनला कुणी हात लावायचा नाही.

"हात नाही लावणार," तो म्हणाला. "बघितलेलं चालेल?"

"मशीनकडे बघ."

"तेच म्हणतोय…" पण त्याची नजर काही मशीनवर नव्हती.

दोन दिवसांत त्याचं नाव 'समोरचा' पडलं. तिने मात्र त्याच्यावर पाळत ठेवली. तो भंगाराच्या डब्यातले बिघडलेले तुकडे उचलायचा, उजेडात धरून निरखायचा, छोट्या वहीत काहीतरी लिहायचा — आणि ती जवळ आली की वही मिटायचा. रोज तिच्यासाठी चहा आणायचा, तोही मशीनपासून लांबच्या टेबलावर ठेवायचा, धातूचा कीस उडून कपात पडू नये म्हणून. एवढी काळजी कशासाठी? ती चहा प्यायची आणि कपाच्या कडेवरून त्याच्याकडे बघत राहायची.

घरी जेवताना आईपुढे हेच पुराण. आई शिवणकाम करायची. तोंडातल्या टाचण्या काढून ती एकदा म्हणाली, "चार दिवस झाले, दुसऱ्या कुणाचा विषय नाही. चोर आहे, मान्य. दिसायला कसा आहे?"

"माझं लक्ष नाही," ती तोडून म्हणाली. त्याच्या डाव्या अंगठ्यावर कापल्याची जुनी खूण आहे, हे मात्र तिला नीट ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी ती तास संपवून परतली तर मशीनच्या पडद्यावरचा आकडा बदललेला. कटर किती लांब आहे हे मशीनला सांगावं लागतं; त्यावरून ते किती खोल उतरायचं ते ठरवतं. तिच्या वहीत साठ पूर्णांक एक होतं. पडद्यावर बासष्ट पूर्णांक चार. दोन मिलिमीटरहून जास्त फरक. आणि दारातून हात पुसत बाहेर पडत होता, तो समोरचा.

तिने त्याला व्हरांड्यात गाठलं. "मशीनला हात लावलास?"

"लावला. सकाळी सांगायला आलो होतो, पण तू म्हणालीस, माझ्या मशीनबद्दल मला शिकवू नकोस, आणि—"

"कुणी पाठवलंय तुला?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं. "तुला खरंच असं वाटतं?"

ती तडक मास्तरांकडे गेली. मास्तरांनी त्याला एवढंच विचारलं, परवानगीशिवाय हात लावलास का. तो हो म्हणाला. त्यांनी त्याची वर्कशॉपची किल्ली काढून घेतली. तो पायऱ्या उतरून गेला, एकदाही वळून न बघता. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्या रात्री ती नीट जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपला आकडा परत भरला. रोबोटच्या पंजासाठी राखून ठेवलेला शेवटचा मोठा ठोकळा बसवला आणि बटण दाबलं. कटर नेहमीसारखा खाली आला… आणि उतरतच गेला. कानठळ्या बसणारी किंचाळी उठली. तिने लाल बटणावर हात मारला तोवर कटरचे दोन तुकडे झाले होते आणि ठोकळ्यात खड्डा पडला होता.

तिने खड्डा मोजला. बरोबर दोन पूर्णांक तीन मिलिमीटर जास्त.

मग तिला आठवलं. दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी जुना कटर तुटला होता. नवा तिने घाईघाईत बसवला, पण मोजलाच नव्हता. वहीतला आकडा त्या मेलेल्या कटरचा होता. समोरच्याने मशीन बिघडवलं नव्हतं. तिची चूक गुपचूप निस्तरली होती.

आसपास कुणी नव्हतं. कटर खराब निघाला म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. तिने सगळ्या टीमला बोलावलं आणि मास्तरांसमोर जसं घडलं तसं सांगितलं. मास्तरांनी ठोकळा उलटसुलट करून पाहिला. मग किल्ली तिच्या हातात देत म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांग."

तो ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसला होता. तिने किल्ली पुढे केली.

"चुकलं माझं. सगळ्यांसमोर कबूल करून आलेय."

त्याने किल्ली घेतली नाही. "ठोकळा गेला?"

"गेला."

"उलटा करून बसव. खड्डा पहिल्या घावालाच पडला असेल तर तिथे तसाही पंजाचा पोकळ भाग येतो." त्याने वही उघडून दाखवली. भंगारातल्या एकेका तुकड्याचं माप, आणि पुढे लिहिलेलं, यातून आणखी काय निघू शकेल. शेवटी त्या पंजाचं चित्र.

ती वही बघत राहिली. "अजून एक संशय आहे."

"विचार."

"तू आमच्या टीमसाठी आलास ना?"

"नाही."

तिने वही मिटली.

"गेल्या वर्षी आम्ही जिंकलो," तो अडखळत म्हणाला. "सगळे फोटो काढत होते. तू मैदानाच्या कडेला बसून मोडलेला भाग कानशीने घासत होतीस… हरल्यावरसुद्धा. मी बक्षीस घ्यायला गेलोच नाही. तुलाच बघत उभा होतो." तो थांबला. "आता तक्रार करायची असेल तर ही कर."

"करते," ती हळूच म्हणाली. "पण आधी कटर मोजू."

नवा कटर बसवला. तो बंदच ठेवून ती चाक फिरवत त्याला केसाकेसाने खाली आणत होती आणि तो खाली कागदाची पट्टी मागेपुढे सरकवत होता. पट्टी अडकली की थांबायचं आणि तिथला आकडा लिहून घ्यायचा. काचेच्या दारात दोघांचे खांदे एकमेकांना टेकले होते, आणि दोघांपैकी कुणी बाजूला होत नव्हतं.

"अडकला?" तिने विचारलं.

"कागद? कागद अजून मोकळा आहे."

तिने मान वळवली. तो कागदाकडे बघतच नव्हता. तिच्या बोटांनी चाक आणखी एक घर फिरवलं.

"आता तोही अडकला," तो म्हणाला.