काठोकाठ भरलेला कप

माझी सून अफ्रा म्हणते, सासूबाईंच्या गोष्टीतलं निम्मं वजा करावं आणि उरलेल्यावरही विश्वास ठेवू नये.

कबूल. आमच्या उंटिणीने टेकडीवरून उडी मारून चंद्राला ढुशी दिली, हे मीच पसरवलं होतं.

पण हे खरं आहे. यात मी एक कपसुद्धा वाढवून सांगत नाहीये. मी बोलतेय, अफ्रा फोनवर टाइप करतेय. विचारा तिला.

तीन हिवाळे झाले. रमजानच्या आधीचा शेवटचा गुरुवार. अरबी वाळवंटातल्या मदाम गावाच्या पुढची लाल वाळू, तिथे आमचा छोटा कॅम्प. माझा मुलगा थानी पर्यटकांना गाडीतून वाळूच्या टेकड्यांवर फिरवतो, मग कॅम्पवर जेवण. मी दाराशी चटईवर बसून येणाऱ्याला कॉफी ओतते. पन्नास वर्षं हेच करतेय, आधी घरी, आता इथे.

त्या संध्याकाळी थानीने एकाच घरची सहा माणसं आणली होती. सहाच्या सहा गाडी लागून हिरवीगार होऊन उतरली.

"काय रे, माणसं आणलीस की काकड्या?"

"हळू बोल, यम्मा. तेच म्हणत होते, अजून उंच, अजून उंच."

"आणि तू लगेच ऐकलंस! आईचं कधी ऐकलं असतंस असं..."

त्यांना जेवणही नको झालं. मांस भाजल्याचा वास आला की एकेक जण तोंड फिरवायचा. आत्ताच्या आत्ता हॉटेलवर सोड, म्हणाले.

सूर्य टेकडीला टेकला.

आणि मला आवाज आला...

फुस्स्स...

टायरमधली हवा सोडल्याचा. वाळूत शिरण्याआधी आम्ही हवा कमी करतो, नाहीतर चाकं रुततात. हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

पण तो नेहमी डांबरी रस्त्याकडून येतो. हा आला मागून. जिथे नुसती वाळू आहे... तिथून.

चार चाकं. चार वेळा फुस्स.

मग काहीच नाही. इंजिन नाही. दार लागल्याचा आवाज नाही.

मी मान वळवली, तर चटईवर माणूस बसलेला.

वय थानीएवढंच. अंगातला लांब पांढरा झगा धुळीने लाल झालेला. नवा माणूस आला की आमची उंटीण आरडून कॅम्प डोक्यावर घेते. ती सहा हातांवर होती. तिने मानसुद्धा वळवली नाही...

पाहुण्याला आम्ही नाव-गाव विचारत नाही. तीन दिवस तरी नाही. मी कपाच्या तळाशी थोडीशी कॉफी ओतली आणि पुढे केली.

त्याने कप घेतला... आणि न पिता खाली ठेवला.

आमच्यात असा कप ठेवला की समजायचं, पाहुण्याला काहीतरी मागायचंय. हो म्हटल्याशिवाय तो पिणार नाही. काय हवंय ते नंतर ऐकायचं, हो आधी म्हणायचं. शहाणी माणसं अंदाज घेऊन म्हणतात.

थानी गाडीकडे चालला होता. मोठेपणाची हौस अगदी बापासारखी. तिथूनच ओरडला, "पी बाबा, पी! मागशील ते दिलं!"

"तुझ्या गाडीत जागा दे."

थानी हसला. "भाऊ, सहा ते, सातवा मी. तुला काय टपावर बसवू?"

"जागा होईल."

हे म्हणताना त्याने त्या सहा जणांकडे पाहिलं नाही.

थानीच्या सीटकडे पाहिलं. स्टिअरिंगच्या मागच्या...

दिलेला शब्द मागे घेता येत नाही. पण कॉफी माझ्या हातात होती ना!

"आधी कॉफी तर पी," मी म्हटलं. "माझ्या चटईवरून कोणी तहानलेला उठत नाही."

पुरे झालं की पाहुणा कप हलवतो. तो हलवेपर्यंत आपण ओतायचं. त्याने कप रिकामा केला. त्याचं मनगट हलायच्या आत मी पुन्हा ओतलं. पुन्हा प्यायला. पुन्हा ओतलं. ओतते मी डाव्या हाताने. उजव्याने पाठीमागून थानीला खुणावत होते, निघ, निघ.

"यम्मा, पण तो पाहुणा..."

"गाढवा, निघ म्हटलं ना! त्या बाईला पुन्हा ओकारी येतेय!"

गाडी सुरू झाली. तो उठायला लागला. मी घाईत किटली कलवली...

कप काठोकाठ भरला.

आमच्यात भरलेला कप देणं म्हणजे पाहुण्याला तोंडावर सांगणं, ऊठ आणि चालता हो. पन्नास वर्षांत माझ्या हातून हे कधी झालं नव्हतं.

त्याने कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"थानीच्या आई," तो म्हणाला, "तूच ऊठ म्हणालीस."

मी किटली सरळ केली. वर पाहिलं...

चटई रिकामी.

कप तिथेच, भरलेला. आणि किटली? एवढं ओतूनही भरली तेव्हा होती तेवढीच जड.

दीड तासाने थानी परतला. एकटा.

"यम्मा, गाडीत काहीतरी बिघडलंय. त्यांना सोडलं तेव्हापासून शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणून घंटी वाजतेय. सीटवर तर कोणी नाही."

गॅरेजवाल्याने दोनदा उघडून पाहिलं. बिघाड नाही. गाडी विक म्हटलं, तर थानी म्हणाला, "असू दे, तुझ्या बडबडीपेक्षा बरी."

तीन हिवाळे तेच. शेजारी माणूस बसला की गप्प. सीट रिकामी झाली की घंटी.

रोज सूर्य बुडताना मी चटईवर एक कप ठेवते. तळाशी थोडीशी कॉफी. माफी म्हणून. कोणी पीत नाही.

मग गेला गुरुवार...

थानी पर्यटकांना सोडून परत आला. घंटी वाजतच होती. पण स्टिअरिंगपुढे लुकलुकणारा पट्ट्याचा दिवा बदलला होता. शेजारच्या सीटचा विझलेला.

चालकाच्या सीटचा लागलेला.

थानीचा पट्टा लावलेला होता. मी स्वतः ओढून पाहिला. घट्ट.

आज त्याला म्हटलं, जाऊ नकोस. अफ्रा रडली. तो म्हणाला, "माणसं थांबलीत, यम्मा. शब्द दिलाय." आणि गेला.

सूर्य टेकडीला टेकलाय. कप चटईवर ठेवलाय. तळाशीच ओतलीय, नीट पाहून.

आत्ता मागून आवाज आला... अफ्रालाही आला. या वेळी तिने काही वजा केलं नाही.

तीन वेळा फुस्स झालंय.

आम्ही दोघी चौथ्याची वाट बघतोय...