गिलाव्याआडचा आवाज

बसा, आणि हसायचं नाही. हे माझ्याबरोबर नोकरी केलेल्या माणसाचं आहे, पुलाच्या कामावरच्या सुपरवायझरचं. तो खोटं बोलणार नाही. खोटं बोलायला जी अक्कल लागते, तीच त्याच्याकडे नव्हती.

पूल शंभर वर्षांचा. सिमेंटात सळया घालून कमानी उभारायला नुकती सुरुवात झाली होती, त्या काळचा. डागडुजीचं कंत्राट त्याच्याच मेहुण्याकडे. सडलेलं सिमेंट खरवडायचं, सळयांचा गंज घासून काढायचा, मगच नवा थर. या मेहुण्या पठ्ठ्यानं काय केलं? गंजावरच गिलावा थापला! पू भरलेल्या गळवावर पावडर फासावी तसा. शी! मला अजून किळस येते.

"घरचंच काम आहे, दाजी. काम पुरं झाल्याच्या कागदावर सही ठोका. उद्या दहाला पूल सुरू," मेहुणा म्हणाला. पहिली गाडी शाळेची जाणार होती.

सुपरवायझरला झोप येईना. गेल्या वर्षीची फेब्रुवारीची अकरा तारीख, मंगळवार, रात्रीचे पावणेबारा. हातोडी घेऊन तो एकटाच कमानीखालच्या परांचीवर चढला. सिमेंट ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत पोकळ. वटवाघळांच्या लेंड्यांचा वास, हाताला बुळबुळीत शेवाळ. त्यानं ठोकलं. बद्द. पुढं ठोकलं. बद्दच.

तो थांबला.

आवाज थांबला नाही.

आतून... खर्र... खर्र... तारेच्या ब्रशनं लोखंड घासावं तसा.

"कोण आहे?"

खर्र बंद. मग...

"थू!"

गिलाव्याच्या आतून. अगदी कानाशी. कुणाला तरी किळस आली होती.

तो खाली कसा उतरला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

सकाळी मेहुण्यानं कागद पुढं केला. यानं सही केली नाही. सगळ्यांदेखत त्याच जागी पहार घातली.

"दाजी, ताईला काय तोंड दाखवाल?"

"तिला मी सांगेन. शाळेतल्या पोरांच्या आयांना तू सांगशील?"

गिलावा निखळला. आजूबाजूला सगळा गंज, पापुद्रे, लाल घाण पाणी. पण तिथं, आठ दिवस गिलाव्याआड बंद असलेल्या जागी, हातभर सळई... घासून लख्ख.

त्यानं हात लावला.

कोमट होती.